आत्याबाई चालून दाखवतात

आमच्या आत्याबाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय आमच्या भावकीत आजवर एकही सून आलेली नाही. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. मूलबाळ नाही, यजमान तरुणपणीच गेले, तेव्हापासून मिरजगावच्या मळ्यात एकट्या राहतात. मुलगी बघायला मात्र सगळ्यांच्या पुढे. पोहे संपले की यांचं सुरू: चालून दाखव, सुईत दोरा ओव, आल्यापासून कोणाकोणाची नावं ऐकलीस ती सांग! मी चालून दाखवलं तेव्हा भर बैठकीत म्हणाल्या, "पोरगी पाय घासत चालती. पर ऱ्हाऊ द्या, शिकंल." मेलं ते वाक्य मी अजून उरात बाळगून आहे. त्यानंतर त्यांनी माझं कौतुक म्हणून कधी केलं नाही.

पंच्याहत्तरी उलटल्यावर त्यांच्या छातीत गाठ निघाली, कॅन्सरची. नगरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "ऑपरेशन आणि केमोनं चांगला गुण येईल, पण आजींना ते झेपेल का, हे आधी बघू. नाहीतर नुसत्या गोळ्यांवर भागवावं लागेल. नुसतं वय बघून मी ठरवत नाही." माझा जीव टांगणीला. आणि तपासणी काय, तर "आजी, खुर्चीतून उठा, जरा चालून दाखवा."

आत्याबाई चक्क लाजल्या हो! मग पदर सावरून, खुर्चीला हात न लावता उठल्या आणि अशा ताठ चालल्या की दारातली नर्स बघत राहिली. लक्षात ठेवायला दिलेले शब्द त्यांनी धडाधड सांगितलेच, वर नर्सचं माहेर जामखेडचं, हेही सांगून टाकलं. हाताची पकड मोजायचं यंत्र करकचून दाबलं. "म्हशीची धार काढती मी अजून," म्हणाल्या, "आता तुमी चालून दाखवा." डॉक्टरबाई बिचाऱ्या हसत हसत चालल्या. "झ्याक!" आत्याबाईंनी त्यांना एका फटक्यात पास केलं. माझं कुठलं एवढं नशीब! पण खरं सांगते, अभिमानानं ऊर भरून आला होता माझा.

मग शेवटचा प्रश्न आला. "आजी, घरी तुमचं करायला कोण आहे? एकट्या असाल तर केमो देणं अवघड आहे."

आत्याबाईंनी पुन्हा पदर सावरला. जन्मात कोणाकडे तांब्याभर पाणी न मागितलेली बाई! मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही हाय की. म्या सोता बघून आणलीया."

मला तिथेच रडू फुटलं.

ऑपरेशन झालं, केमो चालू आहे, आत्याबाई आमच्याकडेच असतात. डोक्यावर केस उरले नाहीत, पदर मात्र ढळत नाही. केमो झाली की दोन-तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, हाकेला ओ देत नाहीत. तेव्हा चहा नेताना मी मुद्दाम पाय घासत जाते. कप ठेवून तशीच पाय घासत परत निघते. मग पांघरुणातून बारीक आवाज येतो, "अगं, पाय उचल की!"

तेवढं मला दिवसभर पुरतं.