बोळातली जड गाडी

नवऱ्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. रोज सकाळी अर्धा तास व्यायाम करायचा आणि बुलेट चालवायची नाही. व्यायामाचं त्यानं कानाआड केलं. बुलेटचं ऐकून मात्र दोन दिवस जेवताना बोलला नाही.

फौजेतून निवृत्त होताना कॅन्टीनमधून घेतलेली ती गाडी. घरात माझ्यापेक्षा तिची निगा जास्त, असं मी म्हणायची आणि ते खोटं नव्हतं. आता ती गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी राहिली. शिरवळला कारखान्यात कामाला असलेला पुतण्या रविवारी येऊन तिच्याभोवती फिरून जायचा. "काका, पडून गंजंल हो. मला द्या, मी नीट ठेवतो." नवरा हो म्हणायचा नाही आणि नाहीही म्हणायचा नाही.

मला गाडीची गरज होती. सांगलीत हळद तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी काम करते. हळकुंडांचे नमुने येतात, त्यांतला ओलावा आणि रंग तपासून द्यायचा. आमचं गाव पलूसच्या बाजूला, सांगलीपासून पंचवीसेक किलोमीटर. माझी स्कूटर मुलगी पुण्याला घेऊन गेली होती, आणि सकाळची एसटी आमच्या फाट्यावर येईपर्यंत दारात माणसं लोंबकळत असायची. महिन्यात चार वेळा उशीर झाला तेव्हा साहेबांनी मला बोलावून घेतलं. वाईट बोलले नाहीत, पण बोलावलं खरं.

मी नवऱ्याला म्हणाले, "बुलेट मी चालवते."

तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. दुसऱ्या दिवशी खुर्ची टाकून शेताच्या कडेला बसला आणि मला शिकवायला लागला. पहिली शिकवण गाडी पाडायची होती. "तोल गेला तर हात सोडायचा. दोनशे किलो धरून राहशील तर हात तुटंल. गाडी दुरुस्त हुती." मी चार वेळा तोल घालवला, चार वेळा हात सोडला. मऊ मातीत गाडीला काही झालं नाही. पंधरा दिवसांत जमलं.

किल्ली देताना त्यानं अट घातली. "हँडल लॉक, गाडी गिअरमध्ये. रोज. दिवाळीपर्यंत बघू. एक जरी पोचा पडला तर गाडी शिरवळला जाईल."

मला ते मान्य होतं. पोचा पडू न देणं अवघड वाटलं नव्हतं.

चालत्या बुलेटला वजन नसतं. उसाच्या ट्रॅक्टरशेजारून जाताना ती स्कूटरपेक्षा स्थिर असते, खड्ड्यातून सरळ निघते. तिचं वजन थांबल्यावर कळतं. आणि माझ्या प्रयोगशाळेत जायचं म्हणजे पेठेतल्या एका बोळात थांबावं लागतं. बोळ एका टोकाला बंद. एका बाजूला हळदीच्या गोदामाची भिंत, दुसऱ्या बाजूला आमची इमारत, मध्ये तीन स्कूटर शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढी रुंदी. त्यात पंधरा-सोळा दुचाक्या लागतात. तळमजल्यावर एक खानावळ, वर आम्ही, त्याच्या वर एक शिकवणी.

सकाळी नवऱ्याचा व्यायाम घेऊन मी साडेआठला निघायची. मी समोर उभी राहिले नाही तर तो पाय उचलायचाच नाही. त्यामुळे मी पोचायची तेव्हा बोळ भरलेला असायचा आणि मी तोंडाशी गाडी लावायची. हँडल लॉक करायची, गिअरमध्ये टाकायची, ओढून बघायची आणि वर जायची.

दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी सहाला खाली आले, तर माझ्या गाडीभोवती सहा स्कूटर. पुढं दोन, मागं दोन, दोन्ही अंगांना एकेक. एक सरकवून बघितली, हँडल लॉक. दुसरी, तीही लॉक. सहाच्या सहा लॉक होत्या.

खानावळवाली पायरीवर लसूण सोलत बसली होती. माझ्याच वयाची, काटक, म्हसवडकडची. तिच्या माहेरची माणसं मेंढरं घेऊन आमच्या भागात यायची, त्यामुळे आमची गावं तिला माझ्याहून जास्त माहीत होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा आमची ओळख नव्हती.

"या गाड्या कुणाच्या?" मी विचारलं.

"लोकांच्या."

"कधी काढतील?"

"त्यांची कामं झाल्यावर. आपली झाल्यावरच आपुन काढतो न्हवं?"

मी उभी राहिले. तिनं दोन पाकळ्या सोलल्या, मग टोपली बाजूला ठेवली.

"गेल्या मंगळवारी माझी स्कूटर तुमच्या म्हशीमागं अडकलीवती. चौदा डबं. दवाखान्यातली माणसं वाट बघत्यात, जेवल्याबिगर त्यांना गोळ्या घेता येत न्हाईत. पाच जनांनी जोर लावला तरी हालंना ती. मग रिक्षानं गेले. अर्धा तास उशीर."

"मला वर सांगायचं."

"सांगितलं. तुमचं दार बंद, आत मशिन घरघरतंय. आन रोज सांगायचं व्हय? हितं कुनी लाक करत न्हाई. न्यूट्रलला ठेवायची, हँडल मोकळं. ज्याला निघायचंय तो दुसऱ्याची सरकवतो आन जातो. आज पंधरा वर्सं चाललंय. तुमीच एकल्या आलाय फौजदारीनबाई."

"मला नियम माहीत नव्हता."

"त्यो नियम न्हाई. मेंढरं बगितलीसा का कवा? वाट अरुंद असली तर समदी एकमेकाला घासून जात्यात. एक जरी आडवी बसली तर कळप थांबतो. बसनारीला वाटतं, मी कुनाचं काय करते? मी तर नुस्ती बसलीय."

मी पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसले. साडेसातला शिकवणी सुटली तेव्हा माझी गाडी सुटली.

रस्त्यात मी विचार करत आले. घरातला नियम गाडीसाठी होता, बोळातला माणसांसाठी. माझ्या नवऱ्याचं उभं आयुष्य छावणीत गेलं होतं, जिथं प्रत्येक गाडीला आखलेला चौकोन असतो. बोळात चौकोन नव्हते. तिथं जागा अशी कुणाचीच नव्हती, म्हणून ती सगळ्यांना पुरत होती. मला हे पटलं. नवऱ्याला पटवायला गेले तर गाडी शिरवळला जाईल, हेही कळत होतं.

घरी पोचल्यावर त्यानं रोजच्यासारखं विचारलं, "लॉक केलंवतंस?"

"व्हय," मी म्हणाले. त्या दिवशी ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशीपासून मी हँडल मोकळं सोडलं. संध्याकाळी "लॉक केलंवतंस?" आणि "व्हय" चालू राहिलं. गणपती गेले, नवरात्र गेलं. मी स्वतःला खोटारडी समजत नव्हते. नवरा दिवसभर घरात, त्याला एक उत्तर हवं असायचं, मी देत होते, इतकंच.

बोळात आता माझी गाडीही सरकू लागली. पण स्कूटर मागून उचलून बाजूला ठेवता येते, बुलेटचं तसं नाही. खानावळवालीला साडेअकराला निघायचं असायचं आणि त्या वेळी बोळात पुरुष नसायचे. मी तिला शिकवलं. डाव्या बाजूला उभं राहायचं, दोन्ही हात हँडलवर, गाडी सरळ करून कमरेला टेकवायची, स्टँड पायानं मागं घ्यायचा आणि चालायचं. तिसऱ्या दिवशी तिला जमलं.

"मला वाटलं लय मोठं काम हाय," ती म्हणाली. "नुस्ती कंबर लागती. बाप्ये उगं मिशा लावून बसत्यात हिच्यावर."

आमचं बोलणं वाढलं. मधल्या सुट्टीत मी तिच्याकडे चहा प्यायला लागले. ती मला बुलेटबाई म्हणायची. तिला मी अटीबद्दल आणि पुतण्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी तुमच्या नवऱ्याचा जीव माझ्या कमरंवर हाय म्हना की."

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात एका दिवशी मी नमुने दळत असताना खाली आवाज झाला. भांड्यांचा नव्हे. कुठला ते मला कळलं आणि मी मशिन तसंच सोडून जिना उतरले.

गाडी उजवीकडे, गोदामाच्या ओट्यावर पडली होती. इंडिकेटर फुटला होता आणि टाकीला ओट्याच्या कोपऱ्याचा तळहाताएवढा पोचा. खानावळवाली जमिनीवर बसली होती, डावं मनगट उजव्या हातात धरून. ते सुजायला लागलं होतं. तिचा पाय सांडलेल्या पाण्यावर घसरला होता, गाडी पलीकडं झुकली आणि ती तिला धरून राहिली होती. शेवटपर्यंत.

"सोडायची की," मी म्हणाले.

"सोडू कशी? तुमच्या नवऱ्यानं पुतन्याला दिली असती न्हवं."

मी तिला उचलायला शिकवलं होतं, सोडायला शिकवलं नव्हतं. शेतातला पहिला धडा मीच गाळला होता. कारण सरळ होतं. तिनं गाडी सोडावी असं मला वाटत नव्हतं. मी तेव्हा तसा विचार केला नव्हता, पण विसरलेही नव्हते.

गोदामातल्या दोन हमालांनी गाडी उभी केली. ती चालू झाली. "डबं," खानावळवाली म्हणाली. पिशव्या हँडलला आणि बाजूला अडकवल्या, तिला मागं बसवलं आणि आम्ही दवाखान्यात गेलो. तिनं एका हातानं मला धरलं होतं. डबे वेळेत पोचले. मग तिथंच तिच्या हाताचा फोटो काढून घेतला. हाड शाबूत होतं. तीन आठवडे पट्टा.

परत येताना ती म्हणाली, "घरी काय सांगनार?"

"माझ्याकडून पडली म्हणते."

"का? मी काय चोरी केलीय व्हय, नाव लपवायला?"

"त्यांना लॉकचं माहीत नाही."

"मग आदी ते सांगा," ती म्हणाली.

घरी पोचले तेव्हा नवरा ओसरीवर होता. त्याला काही सांगावं लागलं नाही. काठी टेकत गाडीपाशी आला, पोच्यावर अंगठा फिरवला, काच नसलेला इंडिकेटर बघितला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पहिल्या सहा स्कूटरपासून आजच्या दवाखान्यापर्यंत. दोन महिने रोज खोटं बोलले, तेही.

"त्या बाईनं हात सोडला न्हाई?" त्यानं विचारलं.

"न्हाई. मी सांगितलंच नव्हतं."

"शिकवलंस आन हे सांगितलं न्हाईस?"

"न्हाई."

तो तेव्हा चिडला. पोच्यावर नाही, खोट्यावर तर त्याहून नाही. "दुसऱ्याच्या हातात जड वस्तू दिली तर पहिलं ती टाकायची कशी ते सांगायचं. एवढं कळंना व्हय तुला? तिचा हात गेला असता म्हंजी? कोण भरून देनार हुतं, मी का तू?" त्याचा आवाज शेजारच्या आळीपर्यंत गेला असेल. बरोबर होतं ते.

जेवण झाल्यावर त्यानं पुतण्याला फोन लावला. मी भांडी घासत होते. गाडी गेली, असं धरून मी एसटीच्या वेळा आठवत होते.

"अरं, ती गाडी," तो फोनवर म्हणाला. "टाकीला पोचा पडलाय, इंडिकेटर गेलाय. तू कशाला घेतोस असली? तू आपली नवी बघ." पलीकडून काहीतरी आलं असावं. "न्हाई, न्हाई, दुरुस्त करून बी न्हाई. तुझी काकू वापरतीया." आणि फोन ठेवला.

मग मला म्हणाला, "बोळ कसा हाय? काढून दाखव."

मी किराण्याच्या कागदावर बोळ काढला. बंद टोक, भिंत, ओटा, खानावळीचं दार, तोंड. त्यानं बघितलं आणि बोट सरळ बंद टोकावर ठेवलं.

"जड गाडी कायम आत. सगळ्यांत आदी आत, सगळ्यांत शेवटी भाईर. तिला मग कुनी हात लावायची गरजच न्हाई. फौजेत काय वेगळं असतं?"

"मी पोचते तेव्हा बोळ भरलेला असतो."

"का?"

"साडेआठला निघते म्हणून."

"का साडेआठला?"

कारण त्याला माहीत होतं. त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"आठला निघ," तो म्हणाला. "व्यायामाचं माझं मी बघतो."

आता मी आठला निघते. बोळात पोचते तेव्हा तिथं फक्त खानावळवालीची स्कूटर असते. तिची मी जरा सरकवते, माझी गाडी आतल्या भिंतीला लावते आणि हँडल मोकळं ठेवते, गरज नसली तरी. सुटायला मात्र शिकवणी संपेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून उरलेले नमुने संध्याकाळी तपासते. पोचा तसाच आहे. तिच्या हाताचा पट्टा निघाला, पण ओलं फडकं पिळताना मनगट अजून दुखतं.

नवरा व्यायाम करतो का, ते मी विचारत नाही. गेल्या खेपेला डॉक्टरांनी पाय वाकवून बघितला आणि थोडी सुधारणा आहे म्हणाले. थोडीच म्हणाले.