झांजेचा एकच ठोका

मंचावर मागच्या रांगेतल्या झांजवाल्याचे ओठ हलत होते. तो मात्रा मोजत होता. ही सिंफनी तासाभराहून मोठी. रचणाऱ्याने शंभरेक वादक बसवून सुरांचे डोंगर उभे केले आणि झांजेला दिला एकच ठोका, संथ भागाच्या शिखरावर. सुरांइतकंच त्याने वाट पाहणंही रचलं असावं.

पंचवीस वर्षांपूर्वी त्या खुर्चीत मी होतो. शेजारी फ्रान्सिस अंकल. त्या भागात त्यांना वाजवायचं नव्हतं, म्हणून मोजून मला बोटाने खूण करायचं काम त्यांचं. व्हायोलिनं चढत गेली, मी डोळे मिटले. शिखर आलं आणि गेलं. झांजा मांडीवरच राहिल्या. संचालकांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "खूण मिळालीच नाही." अंकल गप्प राहिले. त्यांना पुन्हा बोलावणं आलं नाही. तेव्हापासून ही सिंफनी लागली की मी रेडिओ बंद करायचो.

आज ऐकायला अंकलना मीच घेऊन आलो होतो. या वेळी झांजेचा ठोका नेमका पडला. संथ भाग संपून वादक पानं उलटत होते, तेवढ्यात एकदाचं सांगून टाकलं, "अंकल, मी खोटं बोललो होतो. माझे डोळे मिटलेले होते. तुम्ही खूण केलीच असणार."

"कसली खूण, बाबा! माझे पण बंद होते," अंकल खुदकन हसले. "एवढं सुंदर चाललेलं असताना मोजतो कोण? आता गप ऐक."

पुढचा भाग सुरू झाला, आणि मी गप्प बसून नुसता ऐकत राहिलो.