काचेवरचं दूध

ही गोष्ट गेल्या महिन्यापर्यंत माझ्या तोंडून कुणी ऐकलेली नव्हती. बायको चार वर्षांपूर्वी गेली. तिच्यापासून मी साधी बिडी लपवू शकलो नाही, पण हे लपवलं. चौदा वर्षं तिच्या शेजारी बसून जेवलो आणि हे लपवलं. आता लिहायला बसलोय.

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. बेळगावजवळच्या मच्छ्यात तीस वर्षं माझं गाड्यांच्या काचांचं दुकान होतं. काच बसवणं, रबर बदलणं, वायपर लावणं, एवढंच काम. मूळचा मी निपाणीचा. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते. शाळेत माझ्या शर्टाला, वह्यांना, डब्यातल्या भाकरीला तंबाखूचा वास यायचा आणि पोरं नाक धरायची. हे का सांगतोय? कारण पुढे जे केलं त्याची सुरुवात कुठून धरायची हेच मला कळत नाही—आणि हा वास मात्र त्यात आहे.

आमच्या भागातले जुने ड्रायव्हर पावसाळ्यात काचेला तंबाखू चोळायचे. कापडाच्या पुरचुंडीत चिमूटभर निपाणी तंबाखू बांधायची, ओली करायची आणि सकाळी निघण्याआधी पुढच्या काचेवरून फिरवायची. मग पाण्याचा थेंब काचेवर ठरत नाही, पसरून खाली जातो. वायपर बंद पडला तरी समोरचं दिसतं. फुकटातली युक्ती, पण चालायची. सगळ्यांना ठाऊक होती.

परशरामही हेच करायचा. परशराम म्हणजे बेळगाव-जांबोटी मार्गावर प्रवासी जीप चालवणारा. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, मला आण्णा म्हणणारा. जांबोटीकडं बस कमी, पाऊस अंगावर येणारा, त्यामुळं त्या बाजूच्या माणसांना परशरामची जीप म्हणजे घरची गाडी. रोज जाताना दुकानासमोर थांबायचा, पुरचुंडी माझ्याच नळाखाली भिजवायचा आणि काच चोळत माझी चेष्टा करायचा—आण्णा, तुझ्या बापानं उचललेलं पोतं हाय ह्ये, नमस्कार कर. मी हसायचो. आतून मात्र शाळेत नाक धरणारी पोरं आठवायची.

त्या वर्षी पुण्याहून एक नवं द्रावण आलं होतं. काचेला लावलं की पाणी टिकतच नाही, थेंब होऊन उडून जातं, असं आणणारा सांगत होता. मी पाच बाटल्या घेतल्या. लावायची रीत मराठीत छापली होती, मी ती दोनदा वाचली होती: काच साबणानं धुवायची, तेलकट काही ठेवायचं नाही, पूर्ण कोरडी करायची, पातळ हात द्यायचा, पांढरट झाक आली की कोरड्या फडक्यानं ती जाईपर्यंत घासायची. वाचता मला येत होतं. हे आधीच सांगून ठेवतो.

आषाढाचे दिवस होते, आठवडाभर ऊन नव्हतं. परशराम आला, मागं सात-आठ माणसं बसलेली. मी त्याच्या हातातली पुरचुंडी काढून घेतली आणि म्हटलं, हे गावंढळ काम सोड आता. काचेवर त्याची नुकतीच चोळलेली तंबाखू होती. ती धुवायला हवी होती. काच कोरडी करायला हवी होती. मी ओलं फडकं एकदा फिरवलं आणि वरून द्रावण लावलं, तेही जाड. का? तर लोक बघत होते. मग तांब्याभर पाणी काचेवर मारलं. थेंब अळवाच्या पानावरून घरंगळावेत तसे घरंगळले. मागच्या बाया "अगं बाई" म्हणाल्या. आणि मी ती पुरचुंडी, सगळ्यांच्या देखत, गटारात टाकली.

दोन दिवसांनी परशराम परत आला. म्हणाला, "आण्णा, वायपर फिरला की काचंवर दूध सांडल्यागत हुतंय. समोरनं लाइट आला की लईच. माझी पुरचुंडी तरी दे माघारी."

मला त्याच क्षणी कळलं. तंबाखू आणि द्रावण एकमेकांत कालवलं गेलं होतं, वायपर ते काचभर पसरत होता. रॉकेलनं पुसून, साबणानं धुवून अर्ध्या तासात काम झालं असतं. पण दुकानात गिऱ्हाइकं उभी होती, त्यातल्या दोघांनी माझ्याकडून तेच लावून घेतलं होतं. मी म्हणालो, "चाळिशी आली तुला, डोळं तपासून घे जा." सगळे हसले. परशरामही हसला. त्याचं ते हसणं, मान खाली घालून—

त्याच दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, जांबोटीच्या अलीकडं वळणावर त्याच्या जीपनं सुभद्रा नावाच्या बाईला उडवलं. भाताच्या रोपांची जुडी डोक्यावर घेऊन ती रस्त्याच्या कडेनं चालली होती. पस्तिशीची असेल. जीप पुढं जाऊन चरीत कलंडली. आतल्या माणसांना मुका मार लागला. सुभद्रा दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वारली.

मला वाटलं होतं, एवढं लिहिलं की मोकळं वाटेल. पण माझा गुन्हा अजून यायचाय. चुकीचं काम कुणाच्याही हातून होतं, अशी मी अठरा वर्षं स्वतःची समजूत काढली आणि तीसुद्धा खोटी निघाली. पुढचं चुकून झालेलं नाही.

बातमी एका टेम्पोवाल्यानं आणली. परशरामच्या गाडीनं बाई उडाली, म्हणाला. ती जगली का, परशराम कसा आहे—यातलं मी काय विचारलं असेन? काहीच नाही. मी आत गेलो, रॉकेलची बाटली घेतली, जुन्या धोतराचं फडकं घेतलं आणि स्कूटरला लाथ मारली. पहिला हात बाटलीकडं गेला. कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारही केला नव्हता. पंचवीस किलोमीटर पावसात जाताना ती बाटली सदऱ्यात पोटाशी खोचली होती, फुटू नये म्हणून.

तिथं परशराम नव्हता, त्याला पोलीस घेऊन गेले होते. एक हवालदार झाडाखाली छत्री धरून उभा होता. जीपची काच फुटलेली नव्हती. पांढरी होती, चुना फासल्यासारखी. रस्त्यावर भाताची रोपं पडली होती, माझ्या बुटांखाली आली. मी काच पुसायला लागलो. हवालदारानं हाक मारून विचारलं, काय करताय? मी म्हणालो, "चिखल पुसतोय साहेब." तो म्हणाला, पुसा. मी कोपऱ्यापर्यंत पुसली. तीस वर्षांत एवढी स्वच्छ काच मी कुणाला दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गाडी तपासणारे साहेब आले, पोलिसांनी परशरामला तिथं आणलं होतं आणि मीही गेलो होतो. परशराम सांगत होता, समोर दूध झालं, काही दिसलं नाही. साहेबांनी काच बघितली—आरपार. मला विचारलं, कारण काचेचं काम मी करतो. मी म्हणालो, काचेत काही दोष नाही. आणि मग, कुणी विचारलं नसताना, हेही सांगितलं की आदल्या रात्री हा झोपलेला नाही. ते खरं होतं, त्यानंच मला सांगितलं होतं. जांबोटीच्या एका बाळंतिणीला त्यानं रात्रीतून बेळगावच्या दवाखान्यात पोचवलं होतं आणि भाडंही घेतलं नव्हतं. त्याच्या हातून झालेलं चांगलं काम उचलून मी त्याच्याच विरुद्ध ठेवलं.

त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. हिंडलग्याच्या तुरुंगात मी दर महिन्याला भेटायला जायचो. लोक म्हणायचे, आण्णासारखा माणूस नाही. सुरुवातीला तो जाळीपलीकडून तेच म्हणायचा, आण्णा, खरंच दिसत न्हवतं रं. मी म्हणायचो, जाऊ दे, झालं गेलं. चौथ्या की पाचव्या खेपेला तो स्वतःच म्हणाला, "मला झोपच लागली असंल. सगळी म्हणत्यात म्हंजी लागलीच असंल."

एका जाग्या माणसाला, तो झोपला होता असं मी पटवलं होतं. लाज वाटायला हवी होती ना? मला हायसं वाटलं. बाहेर येऊन मी गेटसमोर चहा प्यालो. चहा चांगला होता, हे अजून आठवतं.

सुटल्यावर त्यानं स्टेअरिंगला हात लावला नाही. मच्छ्यात एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन झाला. तिथं त्याच्यासाठी खुर्ची होती, तो तिच्यावर कधी बसला नाही. बारा-बारा तास उभा. दुकानातून मला तो दिसायचा. एकदा त्याच्या बायकोनं, शांताक्कानं, मला सांगितलं की ते घरीसुद्धा दुपारी पाठ टेकत नाहीत. डोळा लागला तर कुणी मरंल म्हणतात. दर आषाढात तो सुभद्राच्या घरी जातो, पायरीशी उभा राहतो, तिच्या मुलासमोर हात जोडतो आणि म्हणतो, मी झोपलो व्हतो. मुलगा आता मोठा झालाय. तो पाणी देतो.

हे सगळं मला माहीत होतं. मग आत्ताच का लिहितोय?

गेल्या महिन्यात निपाणीहून जावयाच्या गाडीतून बेळगावला येत होतो. मी पुढं बसलो होतो. सकाळी निघताना जावयानं बाटलीतलं असलंच द्रावण काचेला लावलं होतं, घाईनं, दमट काचेवर. मी बघत होतो. रीत मला पाठ होती, तरी गप्प बसलो. तोंडाला कुलूप घालायची सवय झाली की ती अशी कुठंही आड येते. घाटात पाऊस आला. समोरून दिवे लावलेला ट्रक आला, त्याच्या चाकांचं पाणी काचेवर आलं, वायपर एकदा फिरला—आणि सगळं गेलं.

अठरा वर्षं मी मनात एक चित्र धरून होतो. थोडी धूसर काच, तिच्यामागं रस्ता, रस्त्याच्या कडेला बाई. नीट बघितलं असतं तर दिसली असती, असं मी रोज स्वतःला सांगत होतो. पण तसं काही नसतं. रस्ता नाही, ट्रक नाही, बॉनेटसुद्धा नाही. नुसतं पांढरं, आणि आपण त्यात जोरात चाललेले. मी ओरडलो. जावयानं कशीबशी गाडी कडेला घेतली आणि हसायला लागला, भीती गेल्यावर माणूस हसतो तसा. मी त्याला विचारलं, तुला काय दिसत होतं? तो म्हणाला, "काय बी न्हाय, मामा." मी दार उघडून खाली उतरलो आणि रस्त्यावरच बसलो. परशरामनं शब्दही बरोबर वापरला होता. दूध. त्यानं मला नेमकं सांगितलं होतं, आणि मी त्याला डोळे तपासायला सांगितलं होतं.

चार दिवसांनी त्याच्या घरी गेलो. तो दारात उभाच होता. शांताक्का आत तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं—ओलं फडकं, गटारातली पुरचुंडी, रॉकेल, हवालदार, बाळंतीण. वर लिहिलंय त्याच क्रमानं, काही न गाळता. वाटलं होतं, मारेल. मारावं अशीच इच्छा होती. शिव्या देईल, थुंकेल, पोलिसांत चल म्हणेल. कशालाही मी तयार होतो.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजी मी जागा व्हतो?"

मी म्हणालो, "व्हय."

त्यानं पुन्हा विचारलं, "मी जागा व्हतो नव्हं, आण्णा?"

मी पुन्हा हो म्हणालो. तो आत वळला आणि लहान आवाजात बायकोला म्हणाला, "शांते, ऐकलीस? मी जागा व्हतो." मग तिथंच, दाराशेजारच्या खुर्चीवर, तो बसला. शांताक्का सुपासकट बाहेर आली, माझ्याकडं एकदा बघितलं आणि दार ओढून घेतलं. तांदळाचे चार दाणे उंबऱ्यावर सांडले होते.

सुभद्राच्या घरी मी अजून गेलेलो नाही. उद्या सकाळच्या बसनं जातो. तिच्या मुलानं आजवर चुकीच्या माणसाला पाणी दिलं आहे. पोलीस ठाण्यातही देण्यासाठी याची एक प्रत केली आहे, खाली सही केली आहे. काच मी पुसली. पुसताना मला माहीत होतं, मी काय पुसतोय.