ओठांनी बोलणारे हिंदुरावबापू

हिंदुरावबापूंशी बोलताना नवखा माणूस हमखास अवघडत असे. कारण बापू समोरच्याच्या डोळ्यांत न पाहता ओठांकडे टक लावून पाहत. कसबा बावड्यातले हे माझे शेजारी उमेदीच्या वर्षांत मुंबईच्या एका कापडगिरणीत माग चालवत होते. मागांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नसत. म्हणून तिथले कामगार आवाज न काढता ओठांनी बोलत आणि ओठ पाहूनच समजून घेत. गिरणी कामगारांच्या मोठ्या संपानंतर गिरणी उघडलीच नाही. बापू गावी परतले, दोन म्हशी पाळल्या. सवय मात्र राहिली.

संपाचा विषय निघाला की ते गिरणीच्या फाटकावरची हकिकत सांगत. "घोषणा द्यायला बंदी हुती. पोलीस मधी, आमी रस्त्याच्या पल्याड. नुसत्या व्हटानं सांगितलं, आत जायाचं न्हाय. कामावर निघालेली सगळी फाटकातच थांबली. सायेब इचारतोय, ह्यास्नी सांगितलं कुणी?"

नव्वदच्या दशकात माझ्या घशावर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी काही महिने एक शब्दही न उच्चारण्याची ताकीद दिली. मी गणिताचा शिक्षक. मुख्याध्यापकांनी सहानुभूतीने मला कार्यालयात बसवायचे ठरवले. पण एकदा सुटलेला वर्ग पुन्हा मिळेल, याची मला खात्री नव्हती.

बापू म्हणाले, "मास्तर, नरड्याला ताण देऊ नगासा. व्हटानं बोला. मी हाय की."

मुख्याध्यापकांची परवानगी त्यांनीच काढली आणि ते फळ्याजवळ उभे राहिले. मी ओठ हलवावेत, त्यांनी मोठ्याने सांगावे. "मास्तर म्हणत्यात, ह्या दोन बाजू सारख्या हायत. का, ते मला इचारू नगा, त्यास्नी इचारा." मुले हसत. मग बापू माझ्याकडे वळत. "लई तोंड वासू नगासा. म्हस रवंथ कराय लागल्यागत दिसतंय."

हळूहळू मुले बापूंनी सांगण्याआधीच उत्तरे देऊ लागली. एके दिवशी बापू आलेच नाहीत. संध्याकाळी मी गोठ्यात जाऊन ओठांनीच कारण विचारले. "पोरास्नी तुमचं व्हट कळत्यात की आता. मी तिथं उभा राहून काय करू?"

वर्ग माझ्याकडेच राहिला. आवाज परतला तो बारीक. पण त्याच आवाजात मी निवृत्तीपर्यंत गणित शिकवले.

बापूंना जाऊन आता बरीच वर्षे झाली. आवाज परतल्यावर मी आभार मानायला गेलो, त्या दिवशी ते धार काढत होते. म्हणाले, "संपात आमी हरलो, मास्तर. गिरणी गेली, माग भंगारात गेलं. तितनं एवढंच घिऊन आलतो. कुणाच्या तरी उपेगी पडलं, बास झालं."