बसमधली मावशी

इन्सुलिन पंप नामंजूर झाल्याचं कळलं, त्या संध्याकाळी मी देवीपुढे दिवा लावला नाही. राग म्हणावा तर राग नव्हता. हातच उठला नाही. याडीने, म्हणजे माझ्या आईने, मुकाट्याने वात भिजवली, दिवा लावला आणि माझ्याकडे न बघताच हात जोडले. तिला माझ्या मनातलं कळलं होतं. इतकी वर्षं मागितलं, आणि एकदाच काय ते पोटतिडकीने मागितलं तेव्हा देवीने तोंड फिरवलं, असंच मला वाटत होतं.

मी नववीत असल्यापासून मला टाइप वन मधुमेह आहे. माझ्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. ते दिवसातून चार-पाच वेळा सुईने घ्यावं लागतं आणि त्याशिवाय मी जगू शकत नाही. आमच्या बंजारा तांड्यात हा आजार कुणी ऐकलाही नव्हता. 'लहान पोरीले शुगर कशी होईल?' असं सगळे विचारायचे. पण याडीने मला शिकवलं, सुया टोचतच मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, आणि झरी जामणी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवायला लागले. घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. मुकुटबनला खोली केली आणि सगळं मार्गी लागतंय असं वाटत असतानाच नवीन दुखणं सुरू झालं. साखर एकदम खाली जायची आणि मला कळायचंच नाही. पूर्वी छाती धडधडायची, हात थरथरायचे, मी पटकन गूळ तोंडात टाकायचे. आता शरीराने ती हाक मारणंच सोडलं होतं. एकदा फळ्यावर लिहिता लिहिता मी पडले. मुलींना वाटलं बाई गंमत करताहेत. तेव्हापासून याडी तांडा सोडून माझ्याजवळ राहायला आली. रात्री उठून माझ्या कपाळाला हात लावून बघायची, गार लागलं की हलवून उठवायची. झोपेत साखर उतरली आणि कुणाला कळलंच नाही तर काय, ही भीती आम्ही दोघी एकमेकींपासून लपवत होतो.

इन्सुलिन पंप हे मोबाइलपेक्षाही लहान यंत्र असतं. ते कंबरेला राहतं, थोडं थोडं इन्सुलिन सोडत राहतं, आणि दंडावरच्या सेन्सरला साखर उतरताना दिसली की आपोआप थांबतं, आवाज करून जागं करतं. माझ्यासारखीला तो जीवच. पण त्याची किंमत आमच्या ऐपतीबाहेरची होती. एक सेवाभावी संस्था गरजू रुग्णांना पंप देते आणि तिच्या डॉक्टरांची समिती यवतमाळला बसते, असं कळलं म्हणून मी अर्ज केला होता.

नामंजुरी का झाली ते आज मी हसत सांगू शकते. समितीपुढे जायचं ठरलं तेव्हा याडीने मला पाहुण्यासाठी घर सारवावं तसं तयार केलं. आमच्यात मोठ्या माणसापुढे जाताना आपली लाज झाकून, नीटनेटकं होऊन जायचं असतं. साखर उतरल्यावरचा गूळ सोडला तर महिनोन्महिने तिने मला गोडाचा कण दिला नाही, भाकरीचा तुकडा मोजून दिला, इन्सुलिन मात्र पुरतं घ्यायला लावलं. साहेबांना साखर चांगली दिसली पाहिजे, म्हणजे ते म्हणतील, पोरगी गुणाची आहे, हिला द्यायलाच हवं. मीही शिकलेली असून त्यात सामील होते. रक्ताची तपासणी झाली. त्या तपासणीत गेल्या काही महिन्यांची सरासरी दिसते, आणि साखर इतक्या वेळा खाली गेली होती की सरासरी सुरेखच आली. समितीतले मोठे डॉक्टर कौतुकाने म्हणाले, "बाई, तुमची साखर तर माझ्यापेक्षा चांगली आहे!" मग विचारलं, काही त्रास होतो का? साहेबांपुढे गाऱ्हाणं सांगायचं नसतं, हे वळण लहानपणापासूनचं. मी म्हटलं, "ठीक आहे, सर." त्यांनी पंप दुसऱ्या गरजूला देण्याचं ठरवलं. त्यांचं काय चुकलं?

याडीची श्रद्धा मात्र ढळली नाही. "चाल, याडीच्या ठाण्यावर जाऊन येऊ," म्हणाली. आमच्या बोलीत जन्म देणारीही याडी आणि देवीही याडी. मी तिच्या समाधानासाठी गेले. दर्शन घेताना डोळे मिटले, पण मागायला शब्दच येईना. मनात एवढंच आलं, 'मला तर काही समजत नाही, तूच बघ.' ती प्रार्थना होती की तक्रार, मलाच ठाऊक नाही. पुजाऱ्याने कपाळभर कुंकू लावलं, चुरम्याचा प्रसाद बांधून दिला. पोळी कुस्करून तूप-गूळ घातलेला तो चुरमा मी वसतिगृहातल्या मुलींसाठी पिशवीत ठेवला. याडी दोन दिवस तांड्यावर थांबणार होती. मी एकटीच यवतमाळला आले. बसस्थानकावर जेवायचं म्हणून इन्सुलिन टोचलं, आणि ताट समोर यायच्या आत मुकुटबनची गाडी लागली. शेवटची थेट गाडी ती. गाडीत काहीतरी खाईन म्हणून धावत चढले. खिडकीजवळ बसले, एवढं आठवतं.

यापुढचं मला शेजारच्या सीटवरच्या मावशींनी आणि कंडक्टरने सांगितलं. कंडक्टर आला, म्हणाला, "मॅडम, कुठं जाऊन राह्यल्या?" मी म्हटलं, "ठीक आहे." तो म्हणाला, "ठीक तं हाय, पण जाता कुठं?" मी पुन्हा, "ठीक आहे." माझे डोळे उघडे होते, मान डोलत होती, कपाळावर मळवट भरल्यासारखं कुंकू आणि मांडीवर प्रसादाची पिशवी. मागच्या सीटवरचे एक काका उठून उभे राहिले. "अरे, आंगात आलं बाईच्या! देवी आली!" बघता बघता गाडीतली माणसं हात जोडायला लागली. कुणी चप्पल काढली. काकांनी टोपी काढून विचारलं, "माय, माह्या पोराचं लगन कायले अडून राह्यलं?" मी म्हटलं, "ठीक आहे." काका गहिवरले. "पाहा, ठीक होते म्हणते माय!" मग आणखी एकीने आपल्या सुनेचं विचारायला घेतलं.

आमच्या भागात हे काही नवल नाही. त्या गाडीत मी शुद्धीत असते आणि दुसरीच्या बाबतीत हे घडलं असतं, तर मीही हात जोडले असते. पण माझ्या शेजारी ज्या बाई बसल्या होत्या त्यांनी हात जोडले नाहीत. त्यांनी माझा हात हातात घेतला. कौसल्याबाई त्यांचं नाव, राहणार यवतमाळच्याच, लेकीकडे निघाल्या होत्या.

"आंगात-फांगात काही नाही," त्या कडाडल्या. "पोरीले घामाची आंघोळ होऊन राह्यली, हात बर्फावानी हायेत. माह्या मालकाले अस्संच होत होतं. शुगर उतरली तिची!"

"बाई, देवीच्या मधात पडू नका," काका म्हणाले.

"पडतो मी मधात. काय करते थे मले?"

त्यांनी माझी पिशवी उघडली. इन्सुलिनचं पेन दिसलं आणि त्यांची खात्री पटली. खाली चुरम्याची पुडी होती. "गाडी बाजूले घे, दादा." कंडक्टर म्हणाला, टाइम होते. "माहे मालक जिनगानीभर एसटीत होते. मले टाइम नको शिकवू." गाडी थांबली. मी अजून गिळू शकत होते. त्या चिमूट चिमूट चुरमा माझ्या तोंडात घालत, गालावर थापट्या मारत म्हणत राहिल्या, "चाव. गीळ. अजून चाव." ड्रायव्हरने धाब्यावरून दाट गोड चहा आणला. ज्यांनी हात जोडले होते तेच आता वारा घालत होते.

मला पहिल्यांदा दिसला तो त्यांचा चेहरा. सावळा, रुंद कपाळाचा, काळजीने नि रागाने भरलेला. "नाव सांग तुहं," त्या म्हणाल्या. मी माझं नाव सांगितलं. "हं, आता खरं बोलली." आणि मग हळूच, माझं तोंड पदराने पुसत, "आम्ही बुद्धाचे लोकं हाओत, पोरी. दीक्षा घेतली तवाच माह्या सासऱ्यानं घरातले सारे देव नदीत सोडले. मी काही मानत नाही. पण तुह्या देवीचा परसाद चांगला गोड निंघाला, बाप्पा!" गाडी हसली. काका कानकोंडे होऊन म्हणाले, "मंग माह्या पोराच्या लगनाचं?" मावशी म्हणाल्या, "त्याले कामधंद्याले लावा, लगन जमते!"

मला हसू आलं आणि रडूही. पंपाचं, समितीचं, साखर चांगली दाखवल्याचं, सगळं मी त्या अनोळखी बाईला सांगितलं. कुणालाही न सांगितलेलं रात्रीचं भयसुद्धा सांगितलं. त्यांचे मालक झोपेत अशीच साखर उतरून एका पहाटे उठले नाहीत, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. आवाज न चढवता, खिडकीबाहेरच्या पराटीकडे, म्हणजे उभ्या कपाशीकडे बघत. उतरताना माझा नंबर घेतला.

चारच दिवसांत फोन आला. "काहून नाही गेली अजून परत? लाज वाटते? मी येतो संगं." मी आढेवेढे घेतले, पण त्यांनी ऐकलं नाही. समितीच्या पुढच्या बैठकीला त्या माझ्याआधी येऊन बाकावर बसल्या होत्या, पांढरी स्वच्छ साडी, हातात पाण्याची बाटली. दारावरच्या माणसाने विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?" म्हणाल्या, "मावशी. बसमधली." तो गोंधळला आणि त्याने सोडलं.

आत डॉक्टरांनी मला ओळखलं. "आता कसं आहे?" माझ्या तोंडून सवयीने निघालंच, "ठीक आहे, सर." मावशी ताडकन म्हणाल्या, "साहेब, हे पोरगी मरता मरता बी ठीक आहे म्हणते. तिले नका विचारू, मले विचारा." आणि त्यांनी गाडीतला सगळा प्रकार सांगितला. काकांच्या पोराच्या लग्नापर्यंत आल्या तेव्हा समितीतली माणसं हसली, आणि मालकांवर आल्या तेव्हा एकाने माझा जुना अर्ज पुन्हा पुढे ओढला. मोठे डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्हाला साखर उतरलेली कळतच नाही? हे मागे का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "सर, मला वाटलं चांगली साखर दाखवली तर तुम्ही द्याल." त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "बेटा, आमच्याकडे बरं होऊन यायचं नसतं." त्यांनी माझ्या दंडावर काही दिवसांसाठी सेन्सर लावला आणि बजावलं, नेहमीसारखंच खायचं, नेहमीसारखंच राहायचं. याडीलाही फोनवर समजावलं. सेन्सरने सगळं उघडं केलं. दुपारचे, रात्रीचे, किती तरी वेळचे ते खड्डे, ज्यांतून मी नकळत पार होत आले होते. पंप मंजूर झाला.

मी आनंदाने मावशींना फोन केला. रडतच होते. त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता फोन ठेव, माही भाकर करपून राह्यली."

आता मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, मी देवीपुढेही तशीच जात होते, जशी त्या पहिल्या बैठकीला गेले होते. सारवून, झाकून, गुणाची होऊन. आणि म्हणत होते की ती ऐकत नाही. गाडीत माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं. शुद्ध नव्हती, शब्द नव्हते, लाजही नव्हती. तेव्हा माझी काळजी घेतली गेली. शरण जाणं म्हणजे काय ते मी पुस्तकात वाचलं होतं. ते कळलं मात्र एका बाईच्या हातून चुरमा गिळताना. हा योगायोग की कृपा, याचा वाद मी घालत नाही. मावशींना विचाराल तर त्या म्हणतील, शेजारच्या माणसाकडे लक्ष ठेवावं, बस्स. मला त्यांचं म्हणणं खोटं वाटत नाही, आणि माझी श्रद्धाही त्याने उणी होत नाही. त्यांच्यासारखं निर्भयपणे दुसऱ्याच्या मधात पडता यावं, एवढंच आता मागते.

पंप लागल्यावर याडीने तांड्यावर भोग ठेवला. निखाऱ्यावर तूप-गुळाची धार धरून तांड्याचे प्रमुख, म्हणजे नायक, देवीला विनंती म्हणू लागले. ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "त्या बाईचं नाव सांगा, तिच्यासाठीही मागू." याडी घाबरून म्हणाली, "नको नको, ती देव मानत नाही. कळलं तर मलाच झापेल." सगळे हसले. मग नायकांनी पुन्हा हात जोडून आमची विनंती पुढे नेली, "सेन सायी वेस." सेन म्हणजे सगळे. सगळ्यांवर कृपा असू दे. डोळे न उघडताच याडीला म्हणाले, "सेनमध्ये ती आली."