बेळगोळला जाऊन आलेलं दूध

प्रवासाला निघताना लोक भरलेले डबे नेतात आणि रिकामे आणतात. मी रिकाम्या बाटल्या नेल्या आणि भरून आणल्या. बाळंतपणाची रजा संपून सोमवारी कामावर रुजू व्हायचं होतं. त्याआधी शुक्रवारी साहेबांनी म्हैसूरजवळच्या बेळगोळच्या कारखान्यात दिवसभर बोलावलं. म्हटलं, रंगीत तालीम होऊन जाईल. पाच महिन्यांची ईरा माझ्याशिवाय राहते का, साठवलेलं दूध पिते का, ते कळेल. नाही प्यायली तर नोकरीला रामराम, असं मी नवऱ्याला बजावलं होतं.

तीन आठवडे पंप लावून मी फ्रीजरमध्ये दुधाच्या पिशव्या साठवल्या होत्या, प्रत्येकीवर वार आणि वेळ. माझं माहेर नाशिकचं. सासर लष्कर मोहल्ल्यातलं, म्हैसूरच्या जुन्या मराठी शिपायांचं. तेव्हा सासूबाईंना हुकूमही शिस्तीत दिले: पिशवी कोमट पाण्यात धरायची, वाटी-चमच्याने पाजायचं, तापवायचं अजिबात नाही.

"सुम्मने (उगाच) काळजी करतीस बघ," त्या म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याला मीच वाढवलंय, अल्वा (नाही का)?"

नवऱ्याकडे बघून माझी काळजी वाढली.

बसमधले बहुतेक जण पुढे धरण बघायला निघाले होते. बाहेर हिरवीगार भातशेती, मधूनच ऊस. पाणी साठवण्याची एवढी मोठी सोय बघायला माणसं हौसेने जातात, आणि मी माझी छोटी सोय, पंप आणि बाटल्यांची पिशवी, मांडीवर ओढणीखाली लपवून बसले होते.

कारखान्यात माझ्यासाठी खास जागा केल्याचं साहेबांनी कौतुकाने सांगितलं. ती प्रथमोपचाराची खोली होती. कडी मोडलेली. फाटकावरच्या रखवालदार बाई माझ्या पिशवीकडे बघून काय ते समजल्या.

"मगू एष्टु तिंगळु?" (बाळ किती महिन्यांचं?)

मी पाच बोटं दाखवली. "नानु इल्ले इर्तीनि," (मी इथंच आहे) म्हणत त्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि आत मी पंप लावला. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. दुपारी कँटीनमध्ये त्यांच्याच शेजारी बसून चित्रान्न (फोडणीचा लिंबू-भात) खाल्लं. दर घासाला ईरा आठवत होती.

संध्याकाळी धावतपळत घरी पोचले, तर शेगडीवर दुधाचं पातेलं.

"तापवलंत?"

"मग? कच्चं हालु (दूध) लेकराला देतात काय ग? तीन उकळ्या काढल्या. या घरात मांजरालाही न तापवलेलं दूध मिळत नाही."

माझं सगळं पुस्तकी ज्ञान त्या पातेल्यात उकळून गेलं होतं.

"प्यायली?"

"ईग (आत्ताच) तिसरी वाटी संपवली."

मी हात धुऊन ईराला पाजायला जवळ घेतलं. ती माझ्याकडे बघून गोड हसली, तोंड फिरवलं आणि वाटीकडे झेपावली. तीन आठवडे ज्यासाठी जिवाचा आटापिटा केला, ते अगदी मनासारखं घडलं होतं. मला रडू कोसळलं.

 सासूबाईंनी ईराला आपल्या मांडीवर घेतलं आणि माझी पंपाची पिशवी पुढे सरकवली. माझी छाती दगडासारखी भरली होती, लेकीचं पोट गच्च होतं. ती आजीच्या मांडीवर चमचा चावत राहिली, आणि मी पुन्हा पंप लावला. नव्या पिशवीवर आजचा नाही, कामावर जायचा वार लिहिला: सोमवार.