ज्याचा प्रश्न त्याचा

आमच्या वन्सं एका पंपांच्या कारखान्यात लायब्ररी सांभाळायच्या. कारखान्यात कसली आलीय लायब्ररी, असं मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्या तोंडावरच म्हटलं होतं. मी पहिल्यापासून फटकळ. त्या रागावल्या नाहीत, एक दिवस मला घेऊन गेल्या आणि दाखवलं. तळमजल्यावरची लांबट खोली, जाडजूड पुस्तकं, यंत्रांच्या आकृत्यांची मासिकं आणि सगळ्याला ग्रीसचा वास. कारण तिथे नुसते इंजिनिअर येत नसत. फिटर, वेल्डर, स्टोअरवाले, कुणीही हात पुसत पुसत यायचं आणि विचारायचं, बाई, अमुक सील सारखं गळतंय, त्याचं कुठे काही लिहिलंय का? बाईंना ते कुठल्या कपाटात लिहिलंय हे पाठ असायचं.

एक गोष्ट मात्र जीव गेला तरी सांगत नसत, ती म्हणजे कोण काय विचारून गेलं. आमचे हे त्यांचे धाकटे भाऊ, त्याच कारखान्यात फाउंड्रीत, म्हणजे जिथे लोखंड वितळवून ओततात तिथे, सुपरवायझर. आई लवकर गेली, तेव्हा वन्संनीच ह्यांना वाढवलं, शिकवलं, नोकरीला चिकटवलं. त्या नादात स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. तर एकदा मी सहज विचारलं, ह्यांनी तुमच्याकडून कसलं पुस्तक नेलंय हो? उत्तर आलं, "ज्याचा प्रश्न त्याचा." मी म्हटलं, अहो, पुस्तक आहे ते, बँकेतलं लॉकर नव्हे. हसल्या, पण शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मग नवे साहेब आले. त्यांना पुस्तकांचं वावडं. मासिकं रद्दीत गेली, खोलीत पॅकिंगचे खोके भरले, आणि वन्संना वरच्या मजल्यावर साहेबांच्या शेजारी काचेच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसवलं. नवं पद मिळालं, माहिती विश्लेषक. पन्नाशीला टेकलेली बाई, संध्याकाळी पोरासोरांत बसून क्लास करून आली. आणि शिकली ती अशी, की साहेब लोक म्हणायला लागले, बाई नसतील त्या दिवशी आम्ही आंधळे. वन्सं खूश होत्या, खोटं कशाला बोलू? फक्त एकदा म्हणाल्या होत्या, की वर कुणी हात पुसत येत नाही. खाली लोक विचारायचे पंप चांगला कसा होईल, वर विचारतात स्वस्तात कोण करून देईल.

त्यातूनच ते काम आलं. ओतकाम बाहेरून करून घेतलं तर कोण देईल, काय भावात देईल, आणि आपली फाउंड्री बंद करायची झाली तर कायद्याने काय काय करावं लागेल, ते सगळं साहेबांनी शोधून मागितलं. मला हे पुष्कळ नंतर कळलं. वन्संनी ते नेहमीसारखंच चोख करून दिलं.

नेमकं त्याच सुमारास ह्यांना दुसऱ्या कारखान्यातून बोलावणं आलं. हुद्दा मोठा, पगार बरा, पण घर सोडून लांब जायचं आणि आठवड्याच्या आत हो की नाही ते कळवायचं. रविवारी वन्सं जेवायला आल्या होत्या. मी वाढत होते. ह्यांनी हातातला घास तसाच धरून विचारलं, "ताई, तू वर बसतेस. आमच्या फाउंड्रीचं काही शिजत असेल तर सांग, मी जातो तिकडे. नसेल तर कशाला उगीच घर हलवू?"

वन्संनी ताटातून मान वर केली नाही. "मी काय सांगणार? तुझं तू ठरव," म्हणाल्या.

ह्यांना वाटलं, काही असतं तर ताई बोललीच असती. दुसऱ्या दिवशी त्यांनी नकार कळवून टाकला, आणि मीसुद्धा मनातून सुटले म्हटलं.

थंडीत फाउंड्री बंद झाली. सगळ्यांना आवारात गोळा करून साहेबांनी भाषण केलं. आकडे पक्के आहेत हे पटवायच्या भरात बोलून गेले, की ही सगळी माहिती आमच्या बाईंनी काढून दिलीय, त्यांचं काम म्हणजे बघायलाच नको. ज्या गोष्टीपायी वन्संनी सख्ख्या भावापुढे तोंडात मिठाची गुळणी धरली, ती या माणसाने चारचौघांत फुकट वाटून टाकली. मेल्याच्या लक्षातही आलं नसेल. हे गर्दीतच उभे होते.

तिकडची जागा तोवर भरली होती. ह्यांनी आधी शाळेची गाडी चालवली, मग एका गोदामात माल मोजायला लागले. मी वन्संच्या घरी जाऊन तोंडाला येईल ते बोलले. घरभेदी म्हटलं. घरभेदी तरी कशी, त्यांनी भेद फोडला असता तर आमचं भलंच झालं असतं. पण रागात कुठे एवढं सुचतं? शेवटी विचारलं, तुम्ही शोधून दिलं नसतं तर काय बिघडलं असतं?

"दुसऱ्या कुणी दिलंच असतं, असं मी रोज स्वतःला सांगते," त्या म्हणाल्या. "पण ते खरं नाही गं. इतकं नीट दुसऱ्या कुणी दिलं नसतं. साहेब कचरत होते. माझं वाचलं आणि कचरायचे थांबले."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. पाणीसुद्धा न पिता घरी आले.

पुढे वन्संनाही घरी बसवलं. साहेब लोक आता आपापल्या कॉम्प्युटरलाच विचारतात म्हणे, मधे बाई कशाला? मला राग होता तरी वाईट वाटलं. जिला दिवसभर लोक विचारत सुटायचे, तिला आता भाजीवाल्याशिवाय कुणी काही विचारेना. आणि ह्यांनी तर कानाला खडाच लावला. बहीण घरी आली तर ये म्हणतील, बस म्हणतील. पण कशी आहेस, एवढंसुद्धा विचारत नाहीत.

गेल्या महिन्यात ह्यांची कंबर धरली ती सुटेचना. हॉस्पिटलात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, नाहीतर औषधं आणि व्यायाम यांवर काही महिने काढून बघा, दोन्ही चालेल. ह्यांना काही ठरवता येईना. नर्सला विचारून झालं, औषधवाल्याला विचारून झालं, शेजारच्या खाटेवर पाय मोडून पडलेल्या गवंड्यालाही विचारलं. तो छातीठोकपणे सांगत सुटला. वन्सं स्टुलावर बसून मुकाट ऐकत होत्या. त्यातलं अर्धं चूक आहे हे त्यांच्या चेहऱ्यावर मला लख्ख दिसत होतं. मी त्यांना बाहेर बोलावून म्हटलं, अहो, तुम्ही तरी काही बोला.

"मला कुठे विचारलंय त्यानं?" त्या म्हणाल्या.

मी हात धरून त्यांना आत आणलं आणि ह्यांच्या समोर म्हटलं, वन्सं, मी विचारते, मला सांगा. त्यांनी मला सांगितलं. कुणाला ऑपरेशनचा उपयोग होतो, कुणाला होत नाही, ह्यांच्या वयाला काय जपावं लागतं, सगळं आधीच शोधून ठेवलं होतं. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. सगळं ऐकून झालं, मग मला म्हणाले, "तिला विचार, ऑपरेशननंतर दुखणं पुरतं जातं का?"

बहीण हातभर अंतरावर बसली होती. मी तोंड उघडायच्या आत वन्सं माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्याला सांग, पुष्कळ कमी होतं. पुरतं जातं, असं मला कुठेच सापडलं नाही."